टॅबशेठ

टॅब उघडण्याआधी मनोहर मोकल हात धुवायचा. गाडीत असला तर बाटलीतलं पाणी खिडकीबाहेर हातांवर ओतून, घरी असला तर साबणाने. मग रुमालाने एकेक बोट वेगळं पुसायचं, मांडीवर दुसरा रुमाल अंथरायचा, आणि मगच पिशवीतून टॅब बाहेर यायचा. हाच गृहस्थ पेणच्या कारखान्यात शिरला की तंबाखू मळलेल्या हाताने ओल्या गणपतीचे कान चाचपायचा. हात धुवा म्हटलं की म्हणायचा, "माती हाय ती. मातीला काय होतंय?" पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि माणूस माझ्या मनातून उतरला. पुढे सहा वर्षं तो हंगामात रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, पण उतरला तो उतरलाच.

तोंडावर मी त्याला शेठ म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. मनात मात्र कायम अरे-तुरे. आता लिहायलाच बसलोय तर मनातल्यासारखंच लिहितो.

मी आखणीवाला. म्हणजे गणपतीचे डोळे काढणारा. मूर्ती घडवून, वाळवून, रंगवून झाली की सगळ्यात शेवटी आमचा कुंचला लागतो. राहतो रोह्याला, काम पेणला. हंगामात रोज गाडीने जाऊन-येऊन करतो. त्या वर्षांत मी सुमतीकाकूंच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, बाहेर शाडूचे ढीग आणि आत भिंतींना लावलेल्या फळ्या. काकूंचे यजमान नामांकित मूर्तिकार होते. ते गेल्यावर काकूंनी एकटीने कारखाना चालवला आणि प्लास्टरला हात न लावता शाडूचंच काम ठेवलं. मनोहर हा त्यांचा धाकटा भाऊ. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे गेटपास लिहायच्या कामावर होता. ठेका बदलला तसा घरी बसला, आणि "ताईला मॅनेजमेंटची गरज हाय" असं स्वतःच ठरवून आमच्याकडे आला. येताना टॅब घेऊन आला.

टॅब होता झकास, हे मान्य केलं पाहिजे. कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाने नवा घेतला तेव्हा जुना याला देऊन टाकला होता. थाळीएवढा पडदा, सोबत पांढरी पेन्सिल, चामड्याचं तपकिरी कव्हर. आपल्या काळात ते सगळ्यात वरचं मॉडेल असेल. आमच्यापर्यंत आला तेव्हा मात्र त्याचा काळ सरला होता. तोही रोह्याहूनच गाडीने यायचा; बॅटरी जेमतेम पेणपर्यंत टिकायची. मग कारखान्यात आल्या आल्या मनोहर एकच काम करायचा, ते म्हणजे मूर्ती वाळवायला लावलेल्या पंख्याची पिन काढून तिथे चार्जर लावणं. भर श्रावणात ओल्या मूर्ती घामेजल्यासारख्या बसायच्या आणि टॅब गरम व्हायचा. कोणी काही बोललं की उत्तर ठरलेलं, "जुनं झालं तरी टॉपचं ते टॉपचंच."

हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. मला तरी वाटतं, ते तो टॅबपेक्षा स्वतःबद्दलच जास्त म्हणत असावा. कंपनीत त्याच्या हाताखाली चिटपाखरू नव्हतं. इथे त्याला शेड मिळाली होती, सहा माणसं मिळाली होती आणि हातात एक चकचकीत पाटी होती, जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. एकदा तो माती मळणाऱ्या पार्वतीबाईंना ऐटीत सांगत होता, "हा चौथ्या पिढीचा हाय, मावशी." पार्वतीबाई मान वर न करता म्हणाल्या, "मंग आदल्या तिघी मेल्या काय?" सगळी शेड हसली. मनोहर हसला नाही. त्याने रुमालाने पडदा पुसला आणि त्या दिवशी मावशींची सुट्टी नामंजूर केली. इतक्या हलक्या मनाचा माणूस.

बरं, त्या यंत्राचा उपयोग काय? तर गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा. समोर खरी मूर्ती फळीवर बसलेली असायची, हात लांब केला तर हाताला लागेल अशी. हा गिऱ्हाइकाला तिच्याकडे पाठ करून बसवायचा आणि तिचाच फोटो टॅबवर दाखवायचा. "बघा, बोटाचं नख बघा. डोळ्यांना दिसणार नाय एवढं ह्याच्यात दिसतं." गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं.

फोटो काढायची तऱ्हाही अशीच. जगातले लोक टॅबची पाठ वस्तूकडे करतात आणि पडद्यात बघून फोटो काढतात. हा टॅबचा पडदाच मूर्तीकडे करायचा, हळदीला नवरीसमोर आरसा धरतात तसा, आणि स्वतः मागून मान काढून अंदाजाने बटण दाबायचा. असं का, ते कोणाला कळत नव्हतं. मागच्या कॅमेऱ्यावर गणपतीचा एक स्टिकर चिकटवलेला होता. काढा म्हटलं तर म्हणायचा, "देव हाय तो, उपटायचा काय?"

एकदा सकाळी गाडी कासूला थांबली असताना त्याला स्टेशनचा फोटो काढायची लहर आली. टॅबचं तोंड खिडकीबाहेर करून त्याने फोटो घेतला आणि मला दाखवला. पाटीवरची अक्षरं उलटी आली होती, आरशात दिसतात तशी. मी म्हटलं, "शेठ, ह्याच्यात फोटो उलटा येतोय. डावं ते उजवं होतंय." त्याने डबाभर माणसांसमोर मला ऐकवलं, "पेंटर, तुम्हाला डोळे काढायला ठेवलंय. टॅब बघायला नाय. तुमच्या बापजाद्यांनी पाहिलं होतं काय असं यंत्र?" समोरच्या बाकावर रोह्याच्या ओळखीच्या बायका होत्या. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. पेण येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाला यापुढे कधीही, काहीही सांगायचं नाही.

त्याच वर्षी निडीच्या बाजूच्या एका वाडीतली भावकी काकूंकडे आली. भातशेती करणारी माणसं. त्यांच्यात एक रीत आहे. मूळ घर एक, आता त्याचे एक्केचाळीस उंबरे झाले, तरी सगळ्या घरांत गणपती एकाच रूपाचा बसतो. तोच मुकुट, तीच बैठक, तोच चेहरा. भांडणं झाली, बांधावरून कोर्टात गेले, तरी चतुर्थीला सगळ्यांच्या घरी एकच तोंड. त्यांच्या मूर्ती रोह्याचे भिकूनाना पिढीजात करत होते. नानांचे हात आता थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनीच या लोकांना काकूंकडे पाठवलं. भावकीतले वडीलधारे दामूआजोबा काकूंना म्हणाले, "बाय, रूप बदललं तर आमची भावकी फुटली असं लोकं बोलतील. तेवढं जप." काकूंनी शब्द दिला.

हा शब्द काकूंना फार मोठा होता. प्लास्टरच्या मूर्तींपुढे शाडूला कोणी विचारत नव्हतं. गिऱ्हाइकं एकेक करून तुटत होती, आणि आणखी एक वर्ष असंच गेलं तर शेड बंद करावी लागेल, हे त्या आम्हाला उघड सांगायच्या. एक भावकी कायमची जोडली गेली असती तर यजमानांचा कारखाना काकूंच्या हयातीत तरी चालू राहिला असता. नेमक्या त्याच सुमारास त्या मोरीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि मुलीने त्यांना पनवेलला नेलं. जाताना त्या मनोहरला म्हणाल्या, "मन्या, बाकी काय बी बिघडलं तरी चालेल. त्या वाडीचं काम बिघडू देऊ नको."

भिकूनानांकडे जुना नमुना होता, पण तो घराबाहेर न्यायचा नाही असा त्यांचा दंडक. आमचा मूर्तिकार धर्मा म्हणाला, "मी रोह्याला येऊन बघतो. डोळ्यानं बघितल्याबिगर रूप हाताला येत नाय." मनोहर म्हणाला, "तू कशाला? मी आख्खा नमुना टॅबमध्ये घालून आणतो." मला त्याने उजेड धरायला सोबत नेलं. नानांच्या कोनाड्यात ती मूर्ती होती. हातभर, साधी, डाव्या सोंडेची, चेहऱ्यावर इतकं मार्दव की मी हात जोडले. मनोहरने हात धुतले, बोटं पुसली, आरसा दाखवावा तसा टॅब तिच्यासमोर धरला आणि सात-आठ फोटो काढले. नाना खाटेवरून म्हणाले, "अरे, हात लावून बघ तरी." हा म्हणाला, "नाना, गरज नाय. टॉपचं मॉडेल हाय."

त्यानंतर आखणीची वेळ येईपर्यंत मी कारखान्यात गेलो नाही. आमचं काम शेवटच्या पंधरवड्यातलं. चतुर्थीला बारा दिवस असताना मी शेडमध्ये पाऊल ठेवलं. फळ्यांवर एक्केचाळीस गणपती रंगवून ओळीने बसले होते. धर्माने जीव ओतला होता. तोच मुकुट, तीच बैठक. फक्त सोंड उजवीकडे होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. तो कडक. त्याचं सोवळं-ओवळं काटेकोर पाळावं लागतं, चूक झाली तर घराला भोवते अशी समजूत. घरात तो कोणी आणत नाही. क्वचित एखाद्याची खास मागणी असते, तेवढीच. मी धर्माला हळूच विचारलं. तो म्हणाला, "मी पैल्याच दिवशी बोललो, शेठ, सोंड उजवी दिसतेय. तर म्हणाला, टॅबमधी हाय तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाय. म्हटलं, असंल त्यांची मागणी."

सगळ्या शेडमध्ये खरी गोष्ट एकट्या मला ठाऊक होती. नमुना मी पाहिला होता. कासूची उलटी पाटीही मीच पाहिली होती. बारा दिवस हातात होते. धर्मा असल्या कामात वाकबगार, सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला असता तर त्याने सोंडा उतरवून पुन्हा चढवून दिल्या असत्या. पण ते डोळे काढायच्या आधी. काकूंच्या यजमानांनी घालून दिलेला नियम होता, डोळे आखले की मूर्ती जागी झाली, मग तिला कोरणी लावायची नाही. आमच्या शेडमध्ये तो कोणी कधी मोडला नव्हता. म्हणजे बोलायचं तर मीच, आणि कुंचला उचलायच्या आत.

मनोहर दाराशी चार्जर लावून बसला होता. मला बघून म्हणाला, "काय पेंटर, बघताय काय? ह्याला म्हणतात टेक्नॉलॉजी. नमुन्याशी केसाचा फरक नाय." त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. म्हटलं, आता पडू दे तोंडावर. मला डोळे काढायला ठेवलंय ना, मग डोळे काढतो. मी बसलो आणि नऊ दिवसांत ब्याऐंशी डोळे काढले. आयुष्यात इतकी चांगली आखणी माझ्या हातून झाली नव्हती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावकी टेम्पो घेऊन आली. काकूही काठी टेकत, मुलीचा हात धरून पनवेलहून आल्या होत्या. दामूआजोबा शेडमध्ये शिरले आणि चप्पल काढता काढता थांबले. म्हणाले, "ह्यो आमचा नाय." त्यांच्यासोबतच्या एक वयस्क बाई काकूंना म्हणाल्या, "उजव्या सोंडेचं सोवळं कोन सांभाळनार, गो? पोरासोरांचं घर. आमी भातात राबनारी मानसं." कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती माणसं रिकामा टेम्पो घेऊन बाजारात गेली आणि जिथे जो मिळाला तो गणपती घेऊन आली. कोणाचा मोठा, कोणाचा लहान, बहुतेक प्लास्टरचे. भावकीची एक्केचाळीस घरं आणि एक्केचाळीस तोंडं, त्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच.

ते गेल्यावर काकू एका मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मनोहरचा समाचार घेणार. पण त्यांनी मला हाक मारली.

"आखणी तुझी?"

"व्हय, काकू."

"भिकूनानांचा नमुना तू बघितला होतास ना?"

"बघितला होता."

"मग?"

मनोहर टॅब घेऊन फळीपाशी उभा होता. एकदा फोटोकडे बघत होता, एकदा मूर्तींकडे. त्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडत असावा. तो म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस, ताई? त्यानं मला सांगितलं होतं. ह्याच्यात डाव्याचं उजवं होतं म्हणून, कासूला, गाडीत. मीच त्याला चार लोकांत गप्प केला. त्याची काय चूक नाय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि त्या खऱ्या शब्दांनी मी पार सुटलो. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भावाकडे बघून म्हणाल्या, "मन्या, तू ह्यांचं नाव बुडवलंस." मनोहर मान खाली घालून उभा राहिला. मी बाजूलाच होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्यातला निम्मा भार माझ्याकडे आला असता. मी बोललो नाही.

धर्माने विचारलं, आता तरी सोंडा बदलू काय, पुढच्या वर्षाला चालतील. काकू म्हणाल्या, "डोळे आखलेत. कोरणी लागणार नाय." मग एवढ्या कडक देवांचं करायचं काय? त्यांना नुसतं पाण्यात ढकलणं कोणाच्या मनाला पटेना. मनोहर म्हणाला, "मी बसवतो. दीड दिवस. मीच करीन सगळं."

आणि केलंन. चतुर्थीला पेणमध्ये भटजी कुठून मिळणार? हा पहाटे आंघोळ करून ओला पंचा नेसून शेडमध्ये बसला आणि टॅबवर पूजेचे मंत्र लावून एक्केचाळीस मूर्तींची एकेक करून पूजा करू लागला. सोवळ्यात चामडं चालत नाही, म्हणून टॅबचं कव्हर काढून ठेवावं लागलं, आणि त्याबरोबर स्टिकरही निघून आला. तेव्हा सगळ्यांनी टॅबची पाठ पाहिली. कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला, आणि मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली. साहेबाने फुटका टॅब याच्या गळ्यात मारला होता आणि हा ते सहा वर्षं कव्हर आणि स्टिकरखाली झाकत आला होता. टॅब मध्येच बंद पडायचा, मंत्र अर्ध्यात तुटायचा. हा उठून चार्जर लावायचा, पुन्हा आंघोळ करायचा, पुन्हा पहिल्यापासून. उच्चार तर असे की देवाने कानावर हात ठेवावेत. पार्वतीबाई दारातून बघून म्हणाल्या, "ह्येचं डोस्कं फिरलंय." पण दीड दिवस त्याने तंबाखूला हात लावला नाही, हे त्याच मला सांगत होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर काकूंनी शेड भाड्याने दिली. तिथे आता दुचाक्या दुरुस्त होतात. मी दुसऱ्या कारखान्यात लागलो. मनोहर दोन वर्षांपूर्वी रोह्यात वारला. मयताला मी गेलो होतो. तिथेही लोक त्याच्या बढायाच आठवत होते, आणि मीही दोन सांगितल्या. तो पोकळ माणूस होता, असं मला आजही वाटतं. आढ्यताखोर, अडाणी, आणि दुसऱ्याला चार लोकांत खाली बघायला लावणारा. काकूंचा कारखाना त्याच्या आढ्यतेने बुडाला, यात काही खोटं नाही.

पण विसर्जनाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोह्याहून मुद्दाम पेणला आलो. आम्ही मूर्ती भोगावतीच्या घाटावर नेल्या. धर्मा वरून आणून द्यायचा, मनोहर पायरीवर घ्यायचा, मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सोडायचो. शेवटची मूर्ती ठेवून धर्मा गाडी वळवायला गेला. मनोहरने ती दोन्ही हातांत धरली आणि उन्हाकडे वळवून बघत राहिला. उपाशी होता, ओठ सुकले होते.

"पेंटर," तो म्हणाला, "दीड दिवस मी ह्यांच्यासमोर बसलो होतो. एक्केचाळीसात एकाची नजर चुकली नाय. माझ्याच्यानं सगळं वाटोळं झालं, पण तुम्ही काम मन लावून केलंत. एवढा सच्चा माणूस मी बघितला नाय."

त्याने मूर्ती माझ्या हातात दिली. घाटावर आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "आटपा शेठ, गाडी चुकेल," आणि मूर्ती पाण्यात सोडली.